पेटीतून निघालेले कार्ड

‘हजेरी’ हा शब्द शाळेत दिवसातून एकदा ऐकू येतो. आमच्या वीजखात्यात ती दर दहा सेकंदांनी होते. नियंत्रण कक्ष विचारतो, ‘आहेस?’ आणि रस्त्याकडेच्या पेटीतून उत्तर जाते, ‘आहे.’ ते उत्तर देणारे नखाएवढे सिमकार्ड म्हणजे मी.

शहराच्या कडेला, एका खांबाच्या पायथ्याशी माझी पेटी होती. वीजवाहिनी जोडण्याचा वा तोडण्याचा हुकूम माझ्यामार्फत येई. तो भलत्याच्या हाती पडू नये म्हणून आमचे जाळे बाहेरच्या जगापासून वेगळे राखले होते, आणि मला पेटीतल्या एकाच यंत्राशी बांधून दिले होते. दुसऱ्या यंत्रात दिसलो, की कायमचा बंद. हे बंधन मला कधी जाचले नाही. विचारणारे कुणीतरी होते ना.

पेटीची देखभाल लाइनमन मामा करीत. त्या दुपारी त्यांची मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, आणि त्यांच्या खात्याने दिलेल्या फोनला रेंज नव्हती. बिनतारी संचावर घरचे बोलायचे नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम.

“तुला बरी इथं रेंज मिळते,” असे पुटपुटत त्यांनी मला उपसून आपल्या फोनात घातले.

मी तिथूनही इमानाने नाव सांगितले. जाळ्याने तत्क्षणी मला बंद केले. फोन मुकाच राहिला.

मग संच खरखरला. नियंत्रण कक्षातल्या ताई होत्या. “मामा, पेटीला कुणी हात लावला?”

“माकडं फार झालीत इकडे.”

“माकडाकडे तुमचा खात्याचा फोन आहे वाटतं. कार्ड त्यातून बोललं, इथं त्या फोनचा नंबर दिसतोय.”

मामांचा आवाज उतरला. “पोरीला आत नेलंय, ताई. सकाळपासून काही कळलं नाही.”

“अहो, मग संचावर सांगायचं ना. कुठला दवाखाना? आणि पेटी उघडी टाकून हलू नका, दुसरं कार्ड पाठवते.”

अर्ध्या तासाने त्या पुन्हा बोलल्या. “नात झाली, मामा. दोघी ठीक आहेत. आता खुलासा लिहायला घ्या.”

मामा पेटीला टेकून खाली बसले.

आता पेटीत नवे कार्ड आहे. मी मामांच्या फोनच्या कव्हरात, मागच्या अंगाला. ते पेटी पुसायला वाकतात, तेव्हा हातभर अंतरावर हजेरी चाललेली असते. मला ती ऐकू येत नाही. तरी अंदाजाने दहा सेकंद मोजतो आणि मनाशीच ‘आहे’ म्हणतो.

खात्यात सांगतात, कार्ड ऐन वेळी बिघडले. तेवढे वाक्य दुरुस्त करून घ्या. मी बिघडलो नव्हतो. परक्या घरातून मी आपले खरे नाव सांगितले, आणि ते खरे होते म्हणूनच मला बंद करावे लागले. त्याच नावावरून ताईंना मामा सापडले.