दात खाणारी गाडी

सकाळी सकाळी आमच्या घरासमोरच्या मैदानात एवढी माणसं जमली होती की पाहणाऱ्याला वाटावं, इथे काहीतरी फुकट वाटताहेत. प्रत्यक्षात माणसंच काहीतरी घेऊन आली होती. प्रत्येकाच्या हातात डिझेलचा डबा होता. मधोमध आमची जुनी करडी व्हॅन उभी होती, तिच्या बॉनेटवर फुलं होती आणि स्टिअरिंगवर चाकमहाराज होते. रांगेत पहिले होते आमचे निवृत्त पोस्टमास्तर, एरवी शहाण्यासुरत्यांत मोडणारे. ते खिडकीशी वाकून म्हणाले की मिशी काढावी म्हणतो, काय हुकूम आहे? महाराजांनी डोळे मिटले, जे गाडी चालवणाऱ्याने कधीही करू नये, आणि मैदानात एक लांबलचक वळण घेतलं. पुढच्या चाकांकडून आवाज उठला. जात्यात खडे भरडावेत तशी घरघर, खरखर. गर्दीच्या अंगावर काटा आला. महाराजांनी डोळे उघडून "नकार" एवढंच सांगितलं. पोस्टमास्तरांनी मिशीवरून प्रेमाने हात फिरवला आणि डबा ठेवून ते समाधानाने घरी गेले.

हा आवाज म्हणजे माझा वारलेला मोठा भाऊ आहे, असं सर्वांचं म्हणणं होतं.

आता हे नीट सांगायला हवं. व्हॅन दादाची. हॉटेलांच्या मळक्या चादरी धुलाईच्या कारखान्यात न्यायच्या आणि धुतलेल्या परत आणायच्या, हा त्याचा धंदा. गेल्या वर्षी हृदयविकाराने तो अचानक गेला. दादाला झोपेत दात खायची सवय होती. साधीसुधी नव्हे, शेजारच्या खोलीतला पाहुणा उठून बसायचा आणि घरात कोणी फरशी घासतंय का, असं विचारायचा. तो गेल्यावर व्हॅन घरामागे तशीच पडून राहिली. मग गेल्या महिन्यात माझ्या वहिनीने आईला सांगितलं की चष्म्याच्या दुकानातला तो शांत गृहस्थ आपल्याशी लग्न करू म्हणतोय, आणि आपल्यालाही ते पटतंय. आई "बघू" म्हणाली. आमच्या आईच्या "बघू"चा अर्थ निम्मा होकार असतो. त्याच दिवशी वहिनीने त्याला भेटायला जायचं म्हणून व्हॅन बाहेर काढली, आई सोबत बसली, आणि पहिल्याच वळणावर गाडीने दात खाल्ले.

आई तिथेच रडायला लागली. ती म्हणाली, "माझा बाळ चिडलाय."

लग्नाचं बोलणं तिथेच थांबलं. चष्मेवाल्याचं नवं दुकान दुसऱ्या शहरात उघडत होतं आणि महिनाअखेरीस तो निघणार होता. वहिनी येणार की नाही, ते त्याला त्याआधी हवं होतं. वहिनीला आईचा शब्द मोडून जायचं नव्हतं, आणि आईला मुलाचा.

चाकमहाराज या दुःखात कसे शिरले ते कळलं नाही, पण चौथ्या की पाचव्या दिवशी ते आमच्या दारात होते. पूर्वी ते गाड्यांची सीटकव्हरं विकायचे. आता ते वाहनांतले आत्मे ओळखत. त्यांचं शास्त्र असं की मेलेल्या माणसाचा जीव आधी क्लचमध्ये शिरतो, गिअरबॉक्समध्ये थोडी विश्रांती घेतो आणि शेवटी पुढच्या चाकांत मुक्काम करतो. मी विचारलं, मागच्या चाकांत का नाही? ते दयाळूपणे हसले आणि म्हणाले, "मागे सामान असतं." मग त्यांनी सांगितलं की घरघर म्हणजे नकार आणि शांतता म्हणजे होकार, गाडी त्यांच्याशिवाय कोणी चालवायची नाही, आणि मुख्य म्हणजे चाकाला पाना लावायचा नाही. लावला तर आत्म्याचा हात किंवा पाय तुटू शकतो. प्रश्नाला एक डबा डिझेल, कारण आत्म्याला प्रवास असतो. आत्म्याचा प्रवास मैदानापुरताच होता, पण महाराजांची स्वतःची जीप मात्र त्या महिन्यात सगळीकडे फिरताना दिसली.

मी वजनमापांचा निरीक्षक आहे. दुकानदाराच्या काट्याखाली चिकटवलेलं चुंबक शोधून काढण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे हे सगळं पाहून माझं डोकं सणकलं. मी मेकॅनिकला बोलावून आणलं. तो जॅक आणि पाने घेऊन आला, गर्दी पाहून थबकला, रांगेत उभा राहिला आणि मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळेल का, हे व्हॅनला विचारून, होकार घेऊन, जॅकसकट परत गेला. त्यानंतर मी मेकॅनिकचा नाद सोडला.

वहिनीशी बोललो तेव्हा ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "भावजी, हे खोटं आहे ते मला कळतं. पण इतकी वर्षं मी तो आवाज उशाशी ऐकलाय. डोक्याला समजावते मी, कानांना काय सांगू?" मला तिची फार कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला, पण तो काढायचा कोणावर ते कळेना.

इकडे आई दिवसभर व्हॅनजवळ खुर्ची टाकून बसू लागली. बॉनेट पुसायची, घरातल्या गोष्टी सांगायची, वारा सुटला की टायरवर जुनी शाल घालायची. गाडी बंद असतानाही तिला आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा मात्र मी तिला उचलून कानाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई ठेंगण्या, चटपटीत आणि प्रश्न विचारायला अजिबात न लाजणाऱ्या. त्यांनी आईचे दोन्ही कान तपासले आणि सांगितलं की आजींचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, तेव्हा गाडी बंद असताना ऐकू येतो तो आवाज कानातला नाही, आठवणीतला आहे. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आता दुसऱ्या पेशंटबद्दल बोला," त्या म्हणाल्या. "आवाज कधी वाढतो?"

आई म्हणाली, चिडल्यावर.

"आणि गाडी कुठं वळल्यावर चिडते? उजवीकडे की डावीकडे?"

महिनाभर सगळे कान देऊन ऐकत होते, पण हे कोणीच बघितलं नव्हतं. मग आईलाच आठवलं की पहिल्या दिवशी तो आवाज आला तो चष्म्याच्या दुकानाकडे वळताना, आणि ते दुकान उजव्या हाताला आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या की येत्या सुट्टीच्या दिवशी मी पेशंटला घरी येऊन बघते.

त्या आल्या तेव्हा रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. गळ्यात स्टेथोस्कोप होता, त्यामुळे काही लोकांनी त्यांना आदराने पुढे जागा दिली. त्यांना वाटलं, आत्म्याची तब्येत बिघडली. बाईंनी महाराजांना सांगितलं की गाडी तुम्हीच चालवा, प्रश्नही लोकच विचारतील, फक्त कुठं वळायचं ते मी सांगेन.

महाराज म्हणाले की वळण आत्मा ठरवतो.

"मग माझ्या सांगण्याने त्याचं काय बिघडतं?" बाई म्हणाल्या. "त्याला नाही म्हणायचं असेल तर तो डावीकडे वळतानाही नाहीच म्हणेल."

गर्दीला हे रास्त वाटलं. महाराजांना वाटलं नाही, पण गर्दी समोर होती आणि जीप लांब. बाईंनी पोस्टमास्तरांना तोच मिशीचा प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि गाडी डावीकडे घ्यायला सांगितली. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. म्हणजे होकार. पोस्टमास्तर भडकले. त्यांचं म्हणणं, सरकारी खात्यातसुद्धा एवढ्या लवकर निर्णय फिरत नाही. मग बाईंनी विचारलं की दोन आणि दोन पाच होतात का. डावीकडे. शांतता. होकार. महाराज भोंदू आहेत का? डावीकडे. शांतता. मेकॅनिक मागून मोठ्याने हसला आणि मग एकदम गप्प झाला, कारण त्याच्या मुलीचा प्रवेशही डावीकडेच मिळाला होता.

महाराजांनी खिडकीतून हात बाहेर काढून समजावलं की आत्मा आज चेष्टेच्या मनःस्थितीत आहे. जिवंतपणी तो विनोदी होता, असंही त्यांनी ठोकून दिलं. दादा आयुष्यात एकदाही विनोद न केलेला माणूस.

तेव्हा आई खुर्चीवरून उठली. लोक बाजूला झाले. ती खिडकीशी गेली, पण महाराजांकडे तिने पाहिलं नाही. ती चाकाकडे बघत होती.

"बाळा," ती म्हणाली, "तू माझाच ना?" मग ती डॉक्टरबाईंकडे वळली. "उजवीकडे घ्यायला सांगा."

वहिनीने माझा हात घट्ट धरला. गाडी उजवीकडे वळली आणि मैदानभर घरघरली. नकार. आईने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि डावीकडे बोट केलं. गाडी गपचूप वळली. होकार.

आईने चाकावरून नजर काढली. मग म्हणाली, "माझा मुलगा हट्टी होता. एकदा बोलला की बोलला. हा तो नाही." आणि खुर्चीत येऊन बसली. तिने डोळ्यांना पदर लावला. मुलगा तिच्या हातातून दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी तिने स्वतःच त्याला सोडलं होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. मेकॅनिकने, मघाचं हसू लपवण्यासाठी असेल, धावत जाऊन जॅक आणला. गाडीचं पुढचं तोंड उचललं. डॉक्टरबाईंनी उजवं चाक हाताने फिरवायला लावलं आणि चाकामागच्या लोखंडाला स्टेथोस्कोप लावला. सुरळीत. मग डावं चाक. त्यांचा चेहरा उजळला, डॉक्टरांचा उजळतो तसा, दुखणं सापडल्यावर. त्यांनी नळ्या आईच्या कानांत घातल्या आणि चाक फिरवलं. आईने ऐकलं, मान हलवली आणि वहिनीला जवळ बोलावून तिच्या कानांत घातल्या. वहिनीने खूप वेळ ऐकलं. शेवटी म्हणाली की हे लोखंड आहे, माणूस नाही.

चाक खोललं तेव्हा आतून बेअरिंग निघालं. दोन कड्यांच्या मधे पोलादी गोळ्या असतात आणि त्यांच्यावर चाक फिरतं, ते. गोळ्या गंजून खडबडीत झाल्या होत्या आणि ग्रीसचा पत्ता नव्हता. गाडी उजवीकडे वळली की तिचा भार डाव्या चाकावर पडतो आणि खराब बेअरिंग भरडायला लागतं. डावीकडे वळली की तो भार हलका होतो आणि बेअरिंग गप्प बसतं. एवढाच नकार, एवढाच होकार. आणि लग्नाच्याच दिवशी आवाज का सुरू झाला? कारण वर्षभर व्हॅन घरामागे उभी होती, तिचं डावं चाक न्हाणीघरातून वाहणाऱ्या पाण्यात बुडालेलं होतं, आणि त्यानंतर ती पहिल्यांदा बाहेर निघाली ती त्या दिवशी. मेकॅनिकने ते चाक धरून हलवलं तर ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. असंच आणखी काही दिवस चालवलं असतं तर चाक जागीच अडकून गाडी गर्दीत घुसली असती, असं तो म्हणाला.

चाकमहाराज तोवर जीपकडे सरकले होते. जाता जाता त्यांनी जाहीर केलं की आत्मा निघून गेला, कारण तुम्ही पाना लावलात. डिझेलचे डबे मात्र ते विसरले नाहीत.

नवं बेअरिंग बसलं. मी स्वतः व्हॅन मैदानात फिरवली, उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. चिडीचूप. मी खाली उतरलो आणि बघतो तर काय, रांग पुन्हा लागली होती. गाडी आता कशालाच नाही म्हणत नाही, ही बातमी पसरली होती आणि ज्यांना महिनाभर नकार मिळाला होता ते सगळे होकार घ्यायला धावत आले होते. पोस्टमास्तर तर मिशी काढूनच हजर. मी किल्ली खिशात घातली आणि हात जोडून सर्वांना घरी जायला सांगितलं. निम्मे गेले. उरलेले म्हणाले, बघा, हा नाही म्हणतोय, आता आत्मा याच्यात शिरलाय.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात वहिनीशेजारी जाऊन उभी राहिली. मी दारात होतो.

"पोरी," आई म्हणाली, "तुला जायचंय का?"

वहिनीने हातातलं काम ठेवलं. मग ती म्हणाली, "हो, आई. जायचंय."

आईने तिला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या. मी चष्म्याच्या दुकानात निरोप द्यायला निघालो आणि रस्ताभर माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. महिनाभर शेकडो माणसांनी, शिकलेल्या आणि न शिकलेल्या, एका व्हॅनला नाही नाही ते विचारलं, आणि या बाईने लग्न करावं की नाही, हेही आम्ही त्या व्हॅनवरच सोडलं. त्या बाईला हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारला गेला. म्हणून हात जोडून सांगतो, गाडी आवाज करत असेल तर तिचं चाक खोला. आणि माणसाला काय हवंय ते कळायला हवं असेल, तर त्या माणसालाच विचारा.