झाडभाऊ

"तो माझा झाडभाऊ आहे, तू नाहीस!" चिंगी ओरडली आणि भिंतीवरून निघालेलं चित्र तिने पुन्हा दाबून चिकटवलं.

"मग मी कोण? झाडावरचं माकड?" दादा म्हणाला.

"माकडं बरी. ती दुसऱ्याच्या वस्तू फाडत नाहीत."

"फाडलं नाही. खांदा लागला."

"तुझा खांदा बरोबर तिथेच लागतो!"

"घर डोक्यावर घेऊ नका," आई आतून म्हणाली. "एक ओरडतंय, एक फुगलंय. मीच जाऊन झाडावर बसते आता."

दादाला हसू आलं नाही. खांदा लागला हे खोटंच होतं. भिंतीवर अशी बरीच चित्रं होती, सगळी एकाच झाडाची. कधी बोडकं, कधी पालवी फुटलेलं, कधी ढोलीतून चोच बाहेर काढलेली पिल्लं. समुद्रापलीकडचा एक पोरगा ती काढून दादाच्या फोनवर पाठवायचा, कारण नेटवाला फोन घरात तो एकच. मग चिंगी कोपऱ्यावरच्या दुकानातून ती छापून आणायची. पोराचा हात चांगला होता. तेच जास्त झोंबायचं.

शाळेत नव्या बाई आल्या तेव्हापासून हे खूळ शिरलं होतं. इथल्या प्रत्येक मुलाने घराजवळचं एक झाड घ्यायचं, तिकडच्या शाळेतल्या एकाने तिकडचं. कोणती पाखरं येतात, पानं कधी गळतात, सावलीत कोण बसतं, घरच्या भाषेत झाडाला काय म्हणतात, ते एकमेकांना सांगायचं. ही जोडी म्हणजे झाडभावंडं. बाईंचा नियम एकच. दोन्ही झाडं उभी तोवर जोडी. एक गेलं की जोडी सुटली; मग नवं झाड, नवं भावंड. झाडासोबत काय काय जातं ते पोरांना कळायला हवं, असं बाई म्हणायच्या.

दादाच्या वेळी अशा बाई नव्हत्या. त्याच्या वेळी झाडावरचा निबंध घोकायचा आणि खिडकीतून खऱ्या झाडाकडे बघितलं की वर्गाबाहेर उभं राहायचं. नववीत असाच एकदा बाहेर काढला, तो परत आत गेलाच नाही. आता तीनचाकीवरून पाण्याचे जार पोचवायचा. संध्याकाळी चिंगी रिकाम्या जारांमध्ये बसून घरापर्यंत यायची, शाळेतलं सगळं त्याला सांगायची. हल्ली ती बसायचीच नाही. घरी तोंड उघडलं की 'तो म्हणतो'. तो म्हणतो, ढोलीत तेच पाखरू परत आलं. तो म्हणतो, त्याच्या आजोळी झाडाला म्हातारी म्हणतात.

"फाटकासमोरच्या झाडावर चढायला तुला कोणी शिकवलं?" दादाने विचारलं. "त्या चित्रकाराने?"

"चढायला तू शिकवलंस. बघायला त्याने."

दादाने चित्रांकडे पाठ फिरवली.

"आणि उद्या आमची जोडी सगळ्या शाळेसमोर बोलणार आहे," टॉवेल उचलत ती म्हणाली. "तू येऊ नकोस. उगाच दात काढशील."

न्हाणीचं दार आपटलं, पाणी सुरू झालं आणि फोन वाजला. तोच होता. नेहमी नुसता आवाज असायचा. कॅमेरा बिघडलाय, असं त्याने चिंगीला सांगितलं होतं. दादा फोन घेऊन फाटकाबाहेर आला. एकदा थोबाड तरी बघू, म्हणून त्याने व्हिडिओचं बटण दाबलं. पलीकडेही बहुधा चुकून दाबलं गेलं.

दादाच्या डोक्यात एक गोरागोमटा, केस चापून बसवलेला हिरो होता. दिसला तो काटकुळा, मोठ्या कानांचा पोरगा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मागे दोरीवर कपडे वाळत होते.

"मी तिचा भाऊ," दादा म्हणाला. इंग्रजी दोघांचंही लंगडं, त्यामुळे बरं जमत होतं.

"माहितीये! पाण्याचा भाऊ. सगळ्यात वरच्या फांदीवर चढणारा. ती फार सांगते तुझ्याबद्दल."

दादाच्या जिभेवर जे तयार होतं ते क्षणभर अडलं. पण कित्येक महिन्यांचं साठलेलं होतं, बाहेर पडलंच.

"आमचं झाड तोडलं. काल." त्याने हवेत हाताने करवत चालवून दाखवली. चिंगीचं झाड समोर उभंच होतं. ते दिसू नये म्हणून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

पोरगा मग हळूच म्हणाला, "बाईंना सांगितलं?"

"अजून नाही."

"मग नका सांगू."

त्याने मागे वळून पाहिलं आणि तो उठला. फोनवर सगळं हलायला लागलं. जिना, सायकलचं चाक, एक कुत्रं, रस्ता. मग फोन थांबला. समोर एक बुंधा होता, गुडघ्याएवढा. कापलेली बाजू काळी पडलेली, त्यावर कुणीतरी बादली ठेवली होती.

"पहिलं चित्र पाठवलं, त्याच आठवड्यात तोडलं," पोरगा म्हणाला. "सांगितलं असतं तर तिला दुसरा झाडभाऊ मिळाला असता."

"मग ती पिल्लं?"

"मागच्या वर्षीची. आठवून काढली."

दादाला जे हवं होतं ते आता त्याच्या मुठीत होतं. बाईंना एक शब्द, की जोडी सुटली. त्यासाठी खोटंही बोलायला नको.

"तुम्ही पण चित्रं काढा," पोरगा घाईघाईने म्हणाला. "मी शिकवतो तुला. सोपं असतं. आधी खोड, मग मोठ्या फांद्या. कुणाला कळत नाही."

दादा भिंतीपासून बाजूला झाला आणि त्याने फोन फिरवला. झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, सावकाश.

पोरग्याने चेहरा इतका जवळ आणला होता की फोनभर फक्त चष्मा दिसत होता. बराच वेळ तो तसाच बघत राहिला. मग त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. शिवीच असणार. दादाला ती पटली.

"कोणाचा फोन?" ओल्या केसांनी चिंगी फाटकात आली.

दादाने फोन बंद केला.

"त्याचा? मला का नाही दिलास? काय म्हणाला? पिल्लं उडाली का?"

"उडाली."

"सगळी?"

"सगळी."

"आणि तू त्याला काही वाकडं बोलला नाहीस ना? खरं सांग. तुझं तोंड बघ कसं झालंय."

दादाने तीनचाकीची साखळी सोडली, टांग टाकली.

"निघतो आता. जार भरायचेत."