आता हा पाय मापा

“बस, इथपर्यंतच,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले.

दुकानात स्टँडवर चढवलेल्या जुन्या लेडीज सायकलवर त्या बसल्या होत्या. डावा पाय सहज फिरे. उजवा वर येता येता अडे. जिन्यावरून पडून फुटलेला गुडघा जुळला होता, पण पूर्वीसारखा दुमडत नव्हता.

“सीट वर घेऊ का?” सायकल दुरुस्त करणाऱ्या दिरानं विचारलं.

“घ्या. मग खाली गेलेलं पॅडल काय तुम्ही पायाला आणून टेकवणार?”

वहिनी नर्स होत्या. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांच्या घरी सायकलवरून जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, हे त्यांचं काम. पडल्यानंतर दवाखान्यानं त्यांना बसून करायचं काम देऊ केलं. त्यांनी नाकारलं.

“वहिनी, रिक्षा लावली तर?”

“बोळात शिरते का रिक्षा? आणि भावोजी, मोडेन पण वाकणार नाही हा बाणा गुडघ्याचा आहे, माझा नाही. तो वाकत नाही ना, मग सायकलला वाकवा!”

उपाय दिराला ठाऊक होता. पॅडल ज्याला जोडलेलं असतं तो क्रँकचा दांडा आखूड करायचा, म्हणजे पाय लहान वर्तुळात फिरतो. दांडा एक बोट आखूड आणि सीट एक बोट वर, की गुडघ्याला दोन बोटं मोकळी मिळतात. तरी तो नुसताच पान्याशी चाळा करत राहिला.

“कुठं घोडं अडलं?”

“दांडे दादाच्या हातचे आहेत.”

लग्न झाल्यावर दादानं वहिनींना भिंतीशी उभं करून पायाचं माप घेतलं होतं. बायको उंच, तिला लांब दांडे हवेत म्हणून दोन मोडक्या सायकलींमधून ही जोडी जमवली होती. दादा गेल्यापासून त्या सायकलीचा एक स्क्रूसुद्धा दिरानं बदलला नव्हता.

वहिनींनी खाली दांड्यांकडे पाहिलं.

“त्यांनी माझा पाय मापला होता, भावोजी,” त्या म्हणाल्या. “आता हा पाय मापा.”

दिरानं हातोडी उचलली. दांडे अडकवून ठेवणाऱ्या गंजलेल्या कॉटर पिना सहजी निघेनात. तेल सोडून, वाट पाहून, पुन्हा ठोकून त्यानं त्या काढल्या. आधी लहान मुलांच्या सायकलचे दांडे लावले. पाय भिंगरीसारखा फिरायला लागला. वहिनी खळखळून हसल्या, कितीतरी दिवसांनी.

“थांबा, हसू नका इतक्यात.” त्यानं मागचं चाक हातानं दाबून धरलं. “आता मारा पॅडल.”

वहिनींनी जोर लावला. चाक जेमतेम हललं.

“हे गुडघ्याला मानवेल, रस्त्याला नाही,” त्या म्हणाल्या. “दुसरे काढा.”

दुसरी जोडी मधल्या मापाची होती. त्यानं सीट वर घेतली आणि वहिनींच्या पायाकडे न बघता चेहऱ्याकडे बघत राहिला. पॅडल वर आलं तशी कपाळावर आठी पडली. पण पाय फिरून खाली गेला.

“दुखतंय ना? आखूडच लावतो.”

“दुखतंय, पण अडत नाहीये. लोकांना रोज हेच विचारते मी, मला फरक कळतो.”

मग त्यानं वाद घातला नाही. नव्या पिना कानशीनं घासून चपखल बसवल्या. पाय हलका चालावा म्हणून मागच्या चाकाला जास्त दात्यांचं चक्र, फ्रीव्हील, चढवलं. दादाचे दांडे पुसून हातात घेतले.

“यांचं काय करू?”

“एखादी उंच बाई आली की तिला लावा.” वहिनींनी पट्ट्यांची पिशवी कॅरियरला अडकवली. “जपून ठेवायला ते काय दागिने आहेत?”

त्या निघाल्या. सरळ रस्त्यावर सायकल सुरेख गेली. पुढं चढ लागला. तिथं वेग मंदावला, सायकल डुगडुगली आणि वहिनी खाली उतरल्या. दीर पायरी उतरून धावणार, तेवढ्यात त्यांनी मागं न बघताच हातानं ‘राहू दे’ अशी खूण केली.

एक हात हँडलवर, एक सीटवर ठेवून त्या लंगडत चढ चढल्या. वर पोचल्यावर त्यांनी पिशवी सारखी केली, पदर खोचला आणि पॅडलवर पाय ठेवला. पहिल्यांदा तो निसटला.

दुसऱ्यांदा बसला.