बाईंच्या हातावरचा तीळ

मी भिंग बोलतंय. चष्म्यातलं नाही हो! त्वचेच्या डॉक्टर बाईंचं, मुठीत मावणारं, पोटात दिवा असलेलं. अजून हादरलेलंच आहे, बोलताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

कारखान्यात घडलं तेव्हाच्या माझ्या ऐटी काय वर्णाव्यात! वाटलं, नितळ गालांवरून मिरवू. नशिबी आले चामखीळ, गजकर्ण आणि महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमा. पण बाईंच्या हातात कामाचं सोनं व्हायचं. डाग संशयाचा वाटला की त्या तुकडा तपासायला पाठवायच्या. कर्करोग निघाला तर खरा विचार सुरू. पाठीवरचा, लहानसा असेल तर स्वतःच काढायच्या. पापणीवर, नाकावर असेल, खोल गेला असेल किंवा काढून परत उगवला असेल, तर सरळ सर्जनकडे.

"नुसतं मलम देऊन बघा ना," नाकावरच्या डागाचा रिपोर्ट घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले.

"आजोबा, मलमानं वरून झाकला जाईल, आत पसरेल. याच आठवड्यात सर्जनकडे जायचं. पुढच्या महिन्यात बघू, हे चालणार नाही."

आजोबा कुरकुरत गेले. नाक वाचलं.

बाईंची एक सवय होती. रोज सकाळी दिवा लागतो का हे बघायला त्या मला स्वतःच्या डाव्या हातावर टेकवायच्या, मनगटाच्या जरा वर, एका तिळावर. उजेड पडला की झालं काम.

मागच्या महिन्यात दिवा मिणमिणला. बाईंनी सेल बदलले, मला तिथंच टेकवलं आणि या वेळी डोळाही लावला.

मला पाय नाहीत, तरी पायाखालची जमीन सरकली. तीळ कसला! कडा वेड्यावाकड्या, एकीकडे काळा, एकीकडे निळसर.

"शाई लागली असेल," म्हणत बाईंनी स्पिरिटच्या बोळ्यानं घासलं. जाईना. मग पुटपुटल्या, "पुढच्या महिन्यात बघू."

बाई, हे तुम्ही बोलताय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

पण त्यांनी मला पुन्हा तिळावर टेकवलं, पुन्हा डोळा लावला. शेवटी सर्जनना फोन लावला.

"बोला मॅडम, आज कोणाला पाठवताय?"

"हातावरचा तीळ आहे. वाढलाय, दोन-तीन रंग दिसतायत."

"मग थांबू नका, आजच पाठवा. पेशंट घाबरलाय का?"

"खूप," बाई म्हणाल्या. "मीच आहे."

तपासणीत कर्करोगच निघाला. आज बाईंचं मोठं ऑपरेशन आहे. किती खोल गेलाय, ते अजून कोणालाच माहीत नाही. माझा जीव तिकडे टांगलेला.

आणि इथे? बाईंच्या जागी बसलेल्या नव्या डॉक्टरांनी सकाळी मला उचललं, बाही सारली, स्वतःच्या हातावर टेकवलं, उजेड बघितला आणि खाली ठेवलं.

अहो, दिवा लागलाय! आता तरी हात बघा.