ज्याचा त्याचा पाट

रोह्याच्या कामगार वाचनालयात तीन संगणक होते आणि तिन्हींवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलं होतं ते निसीम पेणकरने. धाटावच्या एका कंपनीत तो मीटर दुरुस्त करायचा, शिफ्ट सुटली की वाचनालयात यायचा आणि लोकांना संगणक शिकवायचा. फी नाही, काही नाही. तरी १९९९च्या जूनमध्ये वाचनालयाचा चिटणीस रघू त्याला म्हणाला, "निसीम, पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी कमिटी बसतेय. हे तुझं काढून विंडोज टाकावं असं सगळ्यांचं मत हाय."

"कारण?"

"एक तर दिसतं कसं ते बघ. सरकारी कपाटासारखं. आणि दुसरं, ते तुझ्याशिवाय कोनाला येत नाय. तुमची मानसं तर सगळी इस्रायलला चाललीत. उद्या तू गेलास, मग आमी काय करायचं?"

दुसरं कारण निसीमने कानाआड केलं. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंपैकी तो; भाऊ गेला, काका गेले, तेव्हापासून जो तो विचारायचा, तुम्ही कधी? जसं काही गाडी फलाटाला लागलीच आहे. पहिलं कारण मात्र त्याला झोंबलं, कारण ते खरं होतं. पडद्यावर दिसणारा तो डेस्कटॉप जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला; कोणीही उघडावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. तो कुणा एकावाचून अडत नाही, हे सांगून सांगून दोन वर्षं निसीमच्या घशाला कोरड पडली होती. पण रूपाच्या नावाने बोंब होती.

मग तो हात धुऊन त्या रूपाच्या मागे लागला. खिडक्यांच्या कडा, बटणं, खालची पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ, सगळं हुबेहूब विंडोजसारखं केलं. एवढ्या वेळात घराला रंग देऊन झाला असता, असं त्याची बायको दीना म्हणाली. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सोमवारी लोक आले. पॅकिंगमधली मनस्वी पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "डुप्लिकेट हाय काय?"

"डुप्लिकेटच," प्लांटवरचा ऑपरेटर जगन म्हणाला. "कंपनीच्या नावातलं येक अक्षर बदलून बाजारात चपला येतात ना, तशातलं."

निसीमने कपाळावर हात मारला. आधी वेगळं दिसतं म्हणून नको, आता सारखं दिसतं म्हणून नको. या लोकांपुढे देवानेही हात टेकले असते.

शेवटी सुट्टीच्या दिवशी तो पेणजवळ हमरापूरला गेला, सगुणाकडे. सगुणा दीनाच्या वर्गातली, आता गणपतीचा कारखाना चालवणारी, आणि रंगात तिचा हात धरणारं कोणी नाही. निसीमने पडद्याचा छापलेला रंगीत कागद तिच्यापुढे ठेवला. "कुठला रंग चुकलाय तेवढं सांग."

तिने हातातला ब्रश न ठेवताच पाहिलं. "रंगाला काय झालंय? बरा हाय. पन हा हाय कोनाचा?"

"कोणाचाच नाही. सगळ्यांचा."

"मंग कसा चालंल, दाजी?" तिने ब्रशनेच भिंतीकडे दाखवलं. तिथे लाकडी पाट ओळीने उभे होते, प्रत्येकावर एकेक नाव. "गनपती सगले येका साच्यातले. पन मानूस घरचा पाट आनून देतो, मी त्यावर त्याचा नाव लिवते. मंग बाजूच्या कारखान्यात किती का चांगली मूर्ती असंना, तो तिकडं बघत पन नाय. आमचा गनपती सगुणाकडं हाय, म्हनतो. तुमच्या लोकांचा पाट कुठं हाय?"

निसीम तणतणतच एसटीत बसला. विचारायला गेलो रंग आणि ही बाई सांगतेय पाट. वाटेतलं गडब गाव येईपर्यंत तो मनातल्या मनात तिच्याशी भांडत होता. गडब मागे पडलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. लिनक्समध्ये प्रत्येकाला आपापलं खातं देता येतं. ज्याचं त्याचं नाव, ज्याची त्याची सजावट. आणि त्याने काय केलं होतं? सगळ्यांना मिळून एकच खातं उघडून दिलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं 'पाहुणा'. स्वतःची त्याला इतकी चीड आली की उतरायचं भान राहिलं नाही.

एकतीस जणांची एकतीस खाती झाली. संगणकाला मराठी लिहिता येईना, म्हणून सगुणाने कागदावर ब्रशने नावं काढून दिली, आणि निसीमने ती पेणमध्ये स्कॅन करून ज्याच्या त्याच्या डेस्कटॉपवर बसवली.

पुढच्या आठ दिवसांत त्याच्या मेहनतीची पार वाट लागली. जगनने पोपटी रंगावर लाल अक्षरं घेतली. मनस्वीने खालची पट्टी उचलून वर नेली. कुणी जांभळं, कुणी पिवळंधमक. निसीमच्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी राहिलं.

"अरे, रंगसंगती म्हणून काही असतं," तो म्हणाला.

"पाट माजा हाय ना?" जगन म्हणाला.

एकदा डबल शिफ्ट करून तो आला, तर सकाळी बंद पडलेला संगणक सुरू झालेला. जगन आणि मनस्वीने आतल्या फायली उघडून, चुकत माकत दुरुस्त केला होता. त्याला सांगावं असंही कुणाला वाटलं नव्हतं.

रविवारी बैठकीला पाय ठेवायला जागा नव्हती. रघूने विंडोजची सीडी टेबलावर ठेवली आणि आपली दोन्ही कारणं सांगितली.

जगन उठला. "दिसायचं म्हनाल, तर आमाला आवडतंय. काडायचा नाय."

"आरं, पन उद्या निसीम इस्रायलला गेला तर?"

"जाऊ दे की," जगन मोठ्या मायेने म्हणाला. "सुखानं जाऊ दे त्याला. आमाला येतंय आता. त्याच्यावाचून काय अडत नाय."

टाळ्या पडल्या. रघूने सीडी पिशवीत घातली आणि निसीमचा हात हातात घेऊन म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं. आता तू मोकळा."

दोन वर्षं निसीम हेच सांगत आला होता, शब्दन्‌शब्द हेच. तरी जगनच्या तोंडून ते ऐकताना त्याला लागलं, आणि मागोमाग राग आला, जगनचा, रघूचा, टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाचा.

"मी कुठेही चाललेलो नाही," तो म्हणाला, चांगलं मोठ्याने म्हणाला. पण तोवर तिन्ही संगणकांपुढे नंबरावरून वादावादी सुरू झाली होती आणि त्याचं ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.