सीमेवर न गेलेला खांब

मित्रांनो, मी एक जुना सीमाखांब आहे. पण सीमा मी कधी पाहिलीच नाही. वर्धा जिल्ह्यात, सेलूजवळ, मंदाबाईंच्या अंगणात मी उभा आहे आणि सध्या माझ्या जिवाला घोर लागला आहे. समोरचा रस्ता रुंद होणार म्हणून परवा कोणीतरी माझ्या अंगावर लाल फुली मारून गेलं. अशी धास्ती मी आधीही एकदा भोगली आहे, तेवढी ऐका.

साल होतं १९९४. इथल्या सिमेंटच्या खांबांच्या कारखान्याला देशाच्या सीमेवर रोवायच्या खांबांचं काम मिळायचं होतं. आधी एक नमुना दाखवायचा; सरकारी साहेबांना पटला तर काम पक्कं, नाहीतर कारखान्याला कुलूप. तो नमुना म्हणजे मी. माझ्या एका बाजूला आपल्या देशाचं नाव उमटवायचं होतं, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचं. साच्याच्या सागवानी पाट्या तानबा सुताराने कोरल्या. साच्यात अक्षरं उलटी कोरावी, तेव्हा कुठे ती खांबावर सुलटी येतात. एखादी मात्रा भलतीकडे गेली तर? बिचारा आरशात बघून बघून कोरत होता. शेजाऱ्याच्या नावातला शेवटचा ळ तेवढा त्याला सोपा गेला, कारण तो उलटा केला तरी जवळपास तसाच दिसतो.

साच्यातून निघाल्यावर मला एकवीस दिवस ओल्या बारदानात ठेवलं. पाणी मारायचं काम मंदाबाईंचं. कच्च्या अंगाला ऊन लागलं की तडा जातो, म्हणून मी सारखा घाबरलेला. पण त्यांनी मला तान्ह्या लेकरासारखं जपलं. तेव्हा त्या साक्षरतेच्या वर्गाला जात होत्या. बारदान सारून माझ्यावर बोट फिरवत. ‘भारत’ त्यांनी नुसत्या अंदाजाने ओळखलं. मग मागच्या बाजूला येऊन पुटपुटल्या, ने, पा, ळ. चार दिवसांनी तीनही अक्षरं जोडून सलग वाचली आणि स्वतःशीच हसल्या.

बाविसाव्या दिवशी साहेब आले. ते परमुलखातले, हिंदी बोलणारे. त्यांनी मापं घेतली, हातोडीने ठोकून पाहिलं आणि खूश झाले. मग मागची बाजू वाचता वाचता थांबले. हिंदीत काय, नेपाळीत काय, तिथे ल लिहितात, ळ नव्हे, असं त्यांनी सांगितलं. उलट्यासुलट्याच्या काळजीत हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तानबाचं तोंड एवढंसं झालं.

“अक्षर चुकलं असन साहेब,” मंदाबाई म्हणाल्या, “पर खांब पक्का हाय. पाटी बदलून पाहा न.”

साहेबांनी महिनाभराची मुदत दिली. तानबाने नवी पाटी कोरली, काम मिळालं, आणि माझे दोनशे भाऊ ल लेवून ट्रकने सीमेकडे रवाना झाले. मला मात्र फोडायचं ठरलं. चुकीचा खांब नजरेसमोर नको, असं मालकांचं म्हणणं. घण घेऊन तानबाच आला. त्यालाही माझी लाज वाटत होती. घण वर गेला. पळायला मला पाय कुठले!

तेवढ्यात मंदाबाई आडव्या आल्या. “तानबाभाऊ, याले नोको फोडू. जिंदगीत म्या वाचलेला पयला शबद हाय हा.”

तानबाने घण खाली ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्याने मला बैलगाडीत घालून त्यांच्या अंगणात आणून रोवलं.

पुढे कारखाना बंद पडला, तानबाही गेला. मंदाबाईंची नात गुंजन माझ्याच अंगावर बोट फिरवून ळ शिकली. तिच्या पुस्तकात ‘नेपाळ’ असंच छापलेलं होतं आणि वर्गात तिला बरोबरची खूण मिळाली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

आता मंदाबाई थकल्या आहेत. फुली मारल्यापासून रोज सकाळी त्या माझ्यापाशी येऊन बसतात. रस्त्याचं यंत्र येईल तेव्हा आडवं यायचं बळ त्यांच्यात असेल का, या विचाराने मला धडकी भरते.

मित्रांनो, जुनी वस्तू फोडायला हात उचलाल, तेव्हा आधी तिच्यावर बोट ठेवून एकदा वाचा. कोणीतरी तिच्यावरच वाचायला शिकलं असेल.