राखेतून उतरलेलं पाणी

आमच्या आक्कांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की त्यांना हलवायची घरात कुणाची टाप नव्हती. आक्काताई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. बालविधवा. आई गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं. रोज सकाळी परड्यातल्या विहिरीचं पाणी शेंदायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग ते फडकं धुतलेलं पाणी कळशीतून अलगद खाली सोडून त्याच विहिरीत परत द्यायचं. पाण्यातल्या बारीक जीवांनी आपापल्या घरी जावं, म्हणून. आम्हा जैनांत हे सगळीकडे होतं, पण आक्कांइतकं हळुवार कळशी सोडणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. आता घरात नळ आहे, तरी सकाळी अजून त्या दोराचा आवाज ऐकू येईल असं वाटतं.

चौऱ्याहत्तर साली ह्यांनी परड्यामागं ओढ्याकाठी सूत रंगवायचा कारखाना काढला. इचलकरंजीच्या मागांना रंगीत सूत कितीही दिलं तरी कमीच पडायचं. धंदा चांगला चालला, आम्ही सगळे खुशीत होतो. अन् एका सकाळी आक्कांनी गाळायचं फडकं ह्यांच्यापुढं धरलं. ते लाल झालं होतं. कारखान्याचं रंगाचं पाणी गटारीतून ओढ्याला जायचं, ते मुरून विहिरीत उतरलं होतं.

"भूपाल, हे बघ. जीव गाळता येतो, रंग गाळता येत न्हाय. असल्या पाण्यात जीव परत सोडू कुठं?"

"बंद करू का कारखाना?"

"बंद कर म्हटलंय का मी? तुझं तू बघ. मी काय ह्या विहिरीचा थेंब घेणार न्हाय. चातुर्मासाला कोडोलीला जाते, तवनाप्पाच्यात. तितंच ऱ्हाईन."

तवनाप्पा त्यांचा दुसरा भाचा. त्या दिवसापासून आक्का शेजारच्या विहिरीवरनं स्वतः कळशी आणायला लागल्या. साठीची बाई कमरेवर कळशी घेऊन यायची अन् गल्ली माझ्याकडं बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ह्यांनी तुरटी टाकून पाहिली, चुना टाकून पाहिला. पाणी लालच. "आता लिंबू-मिरची तेवढी बांधायची राहिली," मी म्हणाले. हे हसले नाहीत. आक्का जाणार ह्या विचारानं त्यांचं जेवण तुटलं होतं.

साखर कारखान्याच्या बॉयलरची काळी राख तेव्हा फुकट मिळायची. चिखल झाला की जो तो तीच अंगणात पसरायचा. आम्हीही एक गाडी मागवली, गाडीवानानं ती नेमकी कारखान्याच्या गटारीत ओतली. मी त्याच्या नावानं बोटं मोडत होते, तेवढ्यात हे ओरडत आले, "अगं, हे बघ की!" ढिगाच्या ह्या अंगाला लाल पाणी तुंबलं होतं अन् पलीकडून झिरपत होतं ते जवळपास नितळ. ह्यांनी पेला भरून उन्हात धरला. लग्नात माझ्याकडंसुद्धा त्यांनी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

मग टाक्या बांधल्या. खाली खडी, वर वाळू, त्यावर राखेचा जाड थर. टाक्यांवर पिराजीला ठेवलं. तो आमच्याकडं जुना गडी होता. विहीर हळूहळू निवळत गेली. आक्का रोज थोडं पाणी गाळून बघायच्या. दोरीवर वाळणारं फडकं मी चोरून बघायची. लाल, मग गुलाबी, मग नुसती झाक.

चातुर्मासाच्या तोंडावर फडकं पुन्हा लालभडक निघालं. त्याच दिवशी तवनाप्पा गाडी घेऊन दारात हजर. आक्कांची ट्रंक बाहेर आली. ह्यांनी पिराजीला बोलावलं. "काय केलंस रं?"

"काय न्हाय, धनी. राख रंगानं भरली, म्हणून सगळी वढ्यात धुतली. गाळल्यालं जितलं तितं सोडायचं असतंय न्हवं? आक्का रोज सोडत्यात की."

ह्यांनी कपाळाला हात लावला. मला हसावं की रडावं कळेना. "जा आक्का," हे म्हणाले, "मी हरलो."

आक्का पिराजीकडं वळल्या. "हळू सोडलीस का?"

"व्हय की. पाणी उडाय दिलं न्हाय."

आक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मग पायरीवर टेकल्या. "तवनाप्पा, गाडी परत ने. ह्यो माझं बघून चुकलाय. त्येला अर्धंच शिकवून मी कुठं जाऊ?"

तिथंच त्यांनी पिराजीला समजावलं, की जीव परत द्यायचा, रंग न्हाय. पुढं ती राख गावातल्या केरबाच्या वीटभट्टीवर जायला लागली, मातीत कालवायला. फडकं पांढरं निघायला लागलं, पण आक्कांची शेजारच्या पाण्याची कळशी काही सुटली नाही. नेम तो नेम.

कार्तिकात एका दुपारी आक्का जेवायला बसल्या अन् आमच्या घागरीतलं, आमच्याच विहिरीचं पाणी त्यांनी पेल्यात ओतून घेतलं. प्यायल्या. ह्यांचा घास हातातच राहिला. डोळे भरून आलेले, मान वर होईना.

"जेव की," आक्का म्हणाल्या. "पाणीच हाय."